समशीतोष्ण प्रदेशातील डासजन्य साथींचे गणिती मॉडेल: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

डासजन्य रोगांची बहुतेक पाठ्यपुस्तकी मॉडेल उष्ण कटिबंध डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. तिथे डास वर्षभर असतात आणि रोगही वर्षभर धुमसत असतो. तेच मॉडेल उचलून उत्तर इटली, दक्षिण फ्रान्स, जपान किंवा न्यूयॉर्कला लावले तर प्रोग्राम चालतो, आलेख देखणे येतात आणि उत्तर मात्र चुकते. समशीतोष्ण हवामानात साथ होणार की नाही, हे ठरते एकाच गोष्टीवर: डासांचा मोसम संपायच्या आत विषाणूची किती आवर्तने पूर्ण होतात. आवर्तन म्हणजे माणसाकडून डासाकडे आणि डासाकडून पुन्हा माणसाकडे. एका आवर्तनाला १५ ते २० दिवस लागत असतील, तर चार महिन्यांच्या मोसमात सहा ते आठ आवर्तनेच बसतात. पहिला रुग्ण महिनाभर उशिरा आला, तर त्यातली दोन गेली. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा हिशेब नीट मांडण्यासाठी आहेत.

काय काय हाताशी हवे

- दर तासाचे तापमान. युरोपच्या कोपर्निकस सेवेचा ईआरए५-लँड हा विदासंच मोफत मिळतो. त्यात जमीन चौकटींत विभागलेली असते आणि एक चौकट सुमारे ९ किलोमीटरची आहे.
- डासांच्या सापळ्यांच्या नोंदी, शक्यतो तीन मोसमांच्या. सापळ्याचा प्रकार, तो किती दिवस लावला होता आणि ज्या आठवड्यात एकही डास सापडला नाही त्या शून्याच्या नोंदी, हे सगळे हवे. अनेक यंत्रणा शून्य लिहीतच नाहीत. ते आधी विचारून घ्या.
- रुग्णांची यादी. लक्षणे सुरू झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, नोंद झाल्याची तारीख आणि प्रवासाचा इतिहास, चारही वेगवेगळ्या रकान्यांत.
- बाहेर बाधित होऊन परतलेल्या प्रवाशांची महिनावार संख्या.
- ठिकाणाचा अक्षांश आणि लोकसंख्या.
- समीकरणे सोडवायला आर भाषेत डीसॉल्व्ह किंवा पायथनमध्ये सायपाय. आकड्यांशी जुळवणी करण्यासाठी स्टॅन किंवा पॉम्प.
- पॅरामीटरचा, म्हणजे मॉडेलला द्यायच्या मृत्युदरासारख्या आकड्यांचा, तक्ता. प्रत्येक आकड्यापुढे एकक, डासाची प्रजाती, कोणत्या तापमानाला मोजला आणि प्रयोगशाळेत की बाहेर, हे लिहा. हा तक्ता नसलेले मॉडेल सहा महिन्यांनी त्याच्या कर्त्यालाही वाचता येत नाही.

१. प्रश्न आणि प्रजाती आधी ठरवा

‘डासजन्य रोगाचे मॉडेल’ असे काही नसते. एडिस अल्बोपिक्टस हा डास आणि चिकुनगुनिया हा विषाणू ही एक जोडी, क्युलेक्स पिपियन्स हा डास आणि वेस्ट नाईल हा विषाणू ही दुसरी. या दोन मॉडेलांचा सांगाडाच वेगळा आहे.

डेंग्यू आणि चिकुनगुनियात विषाणू माणूस आणि डास यांच्यातच फिरतो. समशीतोष्ण भागात हिवाळ्यात ही साखळी तुटते असे धरून चालता येते, म्हणून दरवर्षी सुरुवात शून्यापासून आणि ठिणगी बाहेरून. वेस्ट नाईलमध्ये विषाणू पक्षी आणि डास यांच्यात फिरतो. माणूस तिथे साखळीचा शेवट आहे. त्याच्या रक्तात डासाला बाधित करण्याइतका विषाणू नसतो. त्यामुळे मॉडेलच्या आकृतीत माणसांच्या गटातून डासांकडे परत जाणारा बाण रेखाटला तर तो चूकच. इथे माणूस हा फक्त मोजमापाचा भाग: डासांमधला संसर्ग किती वाढला, हे रुग्णांच्या संख्येवरून उलट काढायचे. शिवाय हिवाळ्यात दडून बसलेल्या क्युलेक्स माद्यांमध्ये विषाणू टिकू शकतो, म्हणून वसंत ऋतूतली सुरुवात शून्य धरता येत नाही.

प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘जूनच्या अखेरीस एक बाधित प्रवासी आला तर स्थानिक साथ होण्याची संभाव्यता किती?’ आणि ‘यंदा ऑगस्टमध्ये किती रुग्ण येतील?’ हे दोन प्रश्न एकाच मॉडेलने सुटत नाहीत. पहिल्याला यादृच्छिक, म्हणजे योगायोगालाही जागा देणारे, मॉडेल लागते, दुसऱ्याला मागच्या वर्षांच्या आकड्यांशी घट्ट जुळवलेले.

२. तापमान साफ करा, पण सपाट करू नका

ईआरए५-लँडमध्ये नवख्यांना अडकवणाऱ्या चार गोष्टी आहेत. तापमान केल्विनमध्ये असते, २७३.१५ वजा करा. पाऊस मीटरमध्ये असतो, मिलिमीटरमध्ये नाही. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, स्थानिक नव्हे. आणि दर तासाचा पाऊस हा त्या तासाचा नसून दिवसाच्या सुरुवातीपासूनची बेरीज असते; तो तसाच बेरजेला घेतला तर पाऊस कित्येक पटींनी वाढतो.

यापेक्षा मोठा सापळा म्हणजे सरासरी. डासाच्या शरीरात विषाणूची वाढ एका किमान तापमानाखाली थांबते. क्युलेक्स टार्सालिस डासात वेस्ट नाईल विषाणूसाठी हा उंबरठा १४.३ अंश सेल्सियस आणि लागणारी एकूण उष्णता १०९ अंश-दिवस (उंबरठ्याच्या वरचे अंश गुणिले दिवस) अशी मोजली गेली आहे. आता दिवसाची सरासरी २० अंश धरली, तर वाढीला १०९ ÷ ५.७, म्हणजे १९ दिवस लागतात. पण तीच सरासरी अर्धा दिवस २८ आणि अर्धा दिवस १२ अंश अशी आली असेल, तर रात्री वाढ शून्य आणि दिवसा भरभर. मिळून १६ दिवस. तीन दिवसांचा फरक आणि तोही फक्त सरासरी घेतल्यामुळे. म्हणून दर तासाच्या तापमानावर आधी दर काढा, मग त्या दरांची सरासरी घ्या. उलट क्रमाने कधीच नको. उन्हाळ्याच्या शिखरावर, तापमान डासाला सोसेनासे होऊ लागते तिथे, हाच परिणाम उलट दिशेने काम करतो, त्यामुळे ‘थोडे वाढवून घेऊ’ असा जुगाड चालत नाही.

३. रोग न घालता डासांचे वर्ष चालवून पाहा

अंडी, अळ्या, कोष आणि प्रौढ माद्या, एवढे गट पुरेत. प्रौढ होणाऱ्या डासांपैकी निम्मेच मादी असतात, हा ०.५ विसरला की डास दुप्पट होतात आणि पुढे सगळ्या जुळवणीत तो दोष दुसऱ्याच कुठल्या तरी पॅरामीटरच्या माथी बसतो. दाटीमुळे होणारा मृत्यू अळ्यांच्या गटात घाला, प्रौढांच्या नाही. तो घातला नाही तर संख्या घातांकाने उडते.

समशीतोष्ण मॉडेलचा गाभा आहे डायपॉज, म्हणजे हिवाळ्यासाठीची सुप्तावस्था. तिला चालना मिळते दिवस लहान होण्याने, थंडीने नव्हे. दिवसाची लांबी काढायला हवामानाची फाईल लागत नाही. वर्षातल्या दिवसाच्या क्रमांकात २८४ मिळवा, ३६० ÷ ३६५ ने गुणा, त्या अंशांचा साइन घेऊन २३.४५ ने गुणा. हा सूर्याचा क्रांतिकोन. मग अक्षांशाचा टॅन गुणिले क्रांतिकोनाचा टॅन, त्याला उणे चिन्ह, त्याचा व्यस्त कोसाइन अंशांत, आणि त्याला २ ÷ १५ ने गुणले की तास मिळतात. प्रोग्राम तपासायला एक आकडा: ४४ अंश उत्तर अक्षांशावर २२ ऑगस्टला १३.५ तास यायला हवेत. आले नाहीत तर बहुधा अंश आणि रेडियनची गल्लत आहे.

एडिस अल्बोपिक्टसच्या माद्या दिवस साधारण १३ ते १४ तासांच्या खाली गेला की सुप्त अंडी घालू लागतात. वसंतात ती फुटण्यासाठी दिवस ११ तासांच्या थोडा वर आणि सरासरी तापमान १० ते ११ अंश, हे सुरुवातीला घ्यायचे आकडे. नेमका उंबरठा ठिकाणानुसार बदलतो, म्हणून त्याला जुळवणीत थोडी मोकळीक द्या.

इथे एक चूक हमखास होते. ठरावीक तारखेला मॉडेलमधले डास शून्य केले जातात. प्रत्यक्षात त्या दिवशी फक्त नव्या अंड्यांचा प्रकार बदलायला लागतो. आधी घातलेली अंडी फुटत राहतात, प्रौढ माद्या ऑक्टोबरातही चावतात. तोही बदल एका रात्रीत होत नाही, म्हणून पायरीऐवजी एस आकाराचा वक्र वापरा.

क्युलेक्स पिपियन्समध्ये सुप्तावस्था अंड्यात नसून प्रौढ मादीत असते. लहान दिवसांत वाढलेली मादी रक्त शोधतच नाही. चरबी साठवून तळघरात, भुयारात जाऊन बसते. म्हणजे ऑगस्टअखेरीस सापळ्याबाहेर डास असले, तरी चावणारे कमी होत जातात. तिचाच मोलेस्टस हा प्रकार शहरांच्या भुयारी गटारांत राहतो आणि सुप्तावस्थेत जात नाही. तुमच्या शहरात कोणता आहे, हे कीटकशास्त्रज्ञाला विचारा. समीकरणांतून ते कळणार नाही.

पाऊस आणि डास यांचे नाते सरळ समजू नका. मुसळधार पाऊस रस्त्याकडेच्या गटारांतल्या क्युलेक्स अळ्या वाहून नेतो. अल्बोपिक्टस तर बागेला घातलेल्या पाण्यावर दुष्काळातही तग धरते.

सापळ्यांच्या नोंदींशी मॉडेलचा मोसमी आकार जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. शिखराचा महिना चुकत असेल, तर रोग घालून तो सुधारत नाही, फक्त झाकला जातो.

४. डासाच्या शरीरातला अधिशयन काळ: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

रक्तातून विषाणू घेतल्यापासून डास संसर्गक्षम होईपर्यंतचा हा काळ. पायरी २ मधल्या वेस्ट नाईलच्या सूत्राने तो १८ अंशांना २९ दिवस, २२ ला १४ दिवस आणि २६ ला ९ दिवस येतो. डासाची एक दिवस जगण्याची शक्यता ०.९ धरली, तर हा काळ पार करून जिवंत राहणाऱ्या माद्या अनुक्रमे ४.५, २२.५ आणि ३७.५ टक्के. आठ अंशांत आठपट फरक. डासांची संख्या दुप्पट-तिप्पट बदलली तरी एवढा परिणाम होत नाही.

नवखा माणूस ‘बाधित’ असा एक गट करतो आणि त्यातून ‘संसर्गक्षम’ गटात एका स्थिर दराने डास पाठवतो. याचा अर्थ काही डास पहिल्याच दिवशी संसर्गक्षम होतात, आणि ते जीवशास्त्रात बसत नाही. दैनिक मृत्युदर ०.१ आणि अधिशयन काळ २० दिवस असेल, तर अशा एका गटातून ३३ टक्के डास पार होतात. ठरावीक २० दिवस धरले तर फक्त १३.५ टक्के. म्हणजे साथ अडीचपट सोपी झाली. उष्ण कटिबंधात हा काळ लहान असल्याने चूक खपून जाते; थंड हवेत ती सगळे उत्तर बिघडवते.

उपाय सोपा आहे. बाधित गटाचे एकामागून एक उपगट करा आणि प्रत्येकाचा दर तितक्या पटीने वाढवा. पाच उपगटांनी वरचा आकडा १९ टक्क्यांवर येतो, दहांनी १६ वर. बहुतेक कामांना दहा पुरतात. दर रोज तापमानानुसार बदलत असल्याने पंधरवड्याच्या सरासरीची गरजच उरत नाही. थंड आठवड्यात डास उपगटांत अडकून पडतात आणि मरतात, जे खरेच घडते.

अजून एक बारीक गोष्ट. जगण्याची शक्यता आणि मृत्युदर यांत ‘एक वजा’ असे नाते नाही. मृत्युदर म्हणजे जगण्याच्या शक्यतेचा नैसर्गिक लॉग, चिन्ह बदलून. ०.९ ला तो ०.१०५ येतो, फरक जाणवत नाही, पण ०.७ ला ०.३५७ येतो, ०.३ नव्हे.

५. चाव्यांचा हिशेब

दैनिक चाव्यांचा दर सूत्रात दोनदा येतो: एकदा डास बाधित होताना, एकदा तो दुसऱ्याला बाधित करताना. म्हणून त्यातली २० टक्क्यांची चूक उत्तरात ४४ टक्के होते. हा दर प्रत्येक चाव्याचा नव्हे, त्या यजमानाला, म्हणजे तुम्ही मोजत असलेल्या माणसाला किंवा प्राण्याला, घेतलेल्या चाव्याचा असतो. अल्बोपिक्टस कुत्र्या-मांजरांनाही चावते. माणसांच्या वाट्याचा अंश गुणायला विसरू नका, आणि तो अंशही वर्ग होऊन येतो. उत्तर अमेरिकेत क्युलेक्स पिपियन्स उन्हाळ्याच्या शेवटी, रॉबिन पक्षी पांगले की, माणसांकडे वळतात असे आढळले आहे. म्हणजे हा अंश मोसमभर स्थिर नसतो.

६. आर-शून्य काढताना

आर-शून्य म्हणजे एका बाधितापासून सरासरी किती नवे बाधित होतात तो आकडा; तो एकपेक्षा जास्त असेल तरच साथ वाढते. पुढच्या पिढीच्या मॅट्रिक्सने (कोणता गट कोणाला किती बाधित करतो याच्या तक्त्याने) तो काढला, तर माणूस ते डास ही एक पिढी आणि डास ते माणूस ही दुसरी. उत्तर वर्गमूळात येते. जुन्या रॉस–मॅकडोनाल्ड पद्धतीत पूर्ण आवर्तनाचा आकडा मिळतो. एका रुग्णाकडून चार डास संसर्गक्षम होत असतील आणि अशा प्रत्येक डासाकडून सरासरी ०.५ माणसे बाधित होत असतील, तर रॉस–मॅकडोनाल्डने उत्तर २, मॅट्रिक्सने १.४१. एकचा उंबरठा दोन्हींत तोच, पण किती टक्के डास कमी करायचे याचे उत्तर चुकते. कोणता आकडा आहे, हे प्रत्येक आलेखाखाली लिहा.

दुसरे, रोजच्या तापमानावरून काढलेला ‘आजचा आर-शून्य’ १.३ आला म्हणजे साथ होईल असे नाही. आज बाधित झालेला डास तीन आठवड्यांनी चावणार आहे, त्या वेळच्या हवामानात. ऑगस्टअखेरचा १.३ आणि जूनअखेरचा १.३ यांची किंमत सारखी नाही. नकाशांत हा आकडा रंगवलेला दिसतो तेव्हा हे लक्षात असू द्या.

७. बाहेरून येणारा रुग्ण: इथे फासे टाका

बदलाचे दर मांडणाऱ्या अवकल समीकरणांत ०.०३ माणूस बाधित राहू शकतो आणि पुढच्या महिन्यात त्यातून साथ उभी राहू शकते. प्रत्यक्षात अशी साखळी तुटलेली असते. म्हणून रुग्ण मोजके असतील तिथे पूर्णांकांत चालणारे यादृच्छिक मॉडेल हवे. लहान शहरासाठी गिलेस्पीची पद्धत (एकेक घटना फासे टाकून), मोठ्यासाठी टाऊ-लीप (थोड्या वेळातल्या घटना एकदम).

वरचेच उदाहरण घ्या, पूर्ण आवर्तनाचा आर-शून्य २. मोसमाची मर्यादा नाही आणि संसर्गाचे कालावधी घातांकी आहेत (कधी संपेल याची शक्यता रोज सारखीच) असे धरले, तरी एका बाधित प्रवाशापासून मोठी साथ होण्याची संभाव्यता ०.४ येते. दहातल्या सहा वेळा मोठी साथ होतच नाही. त्यामुळे ‘मॉडेल म्हणाले साथ होईल, झाली नाही, म्हणजे मॉडेल चूक’ हा तर्क टिकत नाही. याच्या उलटचाही नाही.

प्रवासी किती आले यापेक्षा कधी आले हे मोजा, आणि घरी आल्यावर त्यांच्या रक्तात विषाणूचे किती दिवस उरले होते तेही. इटलीच्या एमिलिया-रोमान्यात २००७ मध्ये चिकुनगुनियाची जी साथ झाली आणि जिच्यात २०० हून अधिक रुग्ण आढळले, तिची सुरुवात जूनच्या अखेरीस आजारी पडलेल्या एका प्रवाशापासून झाली. तोच रुग्ण सप्टेंबरच्या मध्यावर टाकून मॉडेल हजारदा चालवून पाहा.

८. नोंदींशी जुळवणी

सापळ्यांतल्या संख्येत फैलाव फार असतो. संभाव्यतेचे पॉइसन वितरण नको, जास्त फैलाव सामावणारे निगेटिव्ह बायनॉमिअल घ्या. अंडी मोजणारा सापळा प्रौढ डासांची घनता सांगत नाही. आजूबाजूला अंडी घालायला दुसऱ्या जागा भरपूर असतील, तर त्यात कमी अंडी येतात.

रुग्णांच्या बाबतीत लक्षणे सुरू झाल्याची तारीखच वापरा. नोंदीच्या तारखेने वक्र उजवीकडे सरकतो, आणि ताज्या दोन-तीन आठवड्यांत तो खोटाच उतरताना दिसतो, कारण नोंदी अजून यायच्या असतात. वेस्ट नाईलमध्ये सुमारे ८० टक्के बाधितांना लक्षणेच नसतात आणि मज्जासंस्थेचा गंभीर आजार साधारण १५० पैकी एकाला होतो. तुमच्या यादीत नेमके कोणते रुग्ण आहेत यावर नोंदीचे प्रमाण ठरते.

डासांची घनता, चाव्यांचा दर आणि संक्रमणाची शक्यता हे तिन्ही एकाच वेळी मोकळे सोडू नका. आकड्यांना फक्त त्यांचा गुणाकार दिसतो. दोन बाहेरच्या मोजमापांवरून बांधा, एक मोकळा ठेवा. मोकळ्या पॅरामीटरची प्रोफाइल लाइकलीहूड, म्हणजे त्याच्या प्रत्येक किमतीला जुळवणी किती चांगली होते याचा वक्र, काढा. ती सपाट आली तर तो आकडा तुमच्या नोंदींतून कळत नाही, एवढेच लिहा.

जागेचाही प्रश्न आहे. अल्बोपिक्टस साधारण काहीशे मीटरच्या परिघात वावरते, तुमची हवामानाची चौकट ९ किलोमीटरची आहे. शिवाय रुग्ण राहतो तिथेच त्याला डास चावला असे नसते. टोकियोत २०१४ साली सुमारे १६० जणांना डेंग्यू झाला. त्यांतल्या बहुतेकांचा धागा योयोगी उद्यानाशी जुळत होता. घरच्या पत्त्यांवरून काढलेल्या नकाशात ते उद्यान दिसलेच नसते.

९. मॉडेल पारखणे

आठवडे चिठ्ठ्या काढल्यासारखे वेगळे करून चाचणी घेऊ नका. शेजारचे आठवडे एकमेकांची उत्तरे फोडतात. अख्खा एक मोसम बाजूला ठेवा आणि उरलेल्यांवर जुळवून त्याचे भाकीत करा. तुलनेसाठी ‘मागच्या वर्षांची सरासरी’ हे भाकीत शेजारी ठेवा. त्याला हरवता येत नसेल तर गुंतागुंत कमी करा.

साथ झालेल्या वर्षांपेक्षा साथ न झालेली वर्षे जास्त शिकवतात. प्रवासी रुग्ण आले, डासही होते, तरीही स्थानिक रुग्ण एकही नाही, अशी ठिकाणे आणि वर्षे मुद्दाम शोधा. फक्त गाजलेल्या साथींवर जुळवलेले मॉडेल सगळीकडे साथ पाहू लागते.

संवेदनशीलता तपासताना एकेक पॅरामीटर हलवण्याऐवजी सगळे एकदम हलवून त्यांचे पल्ले समान व्यापणारा लॅटिन हायपरक्यूब नमुना घ्या. मृत्युदर आणि अधिशयन काळ बहुधा वर येतील. ते आले नाहीत तर आधी प्रोग्राम तपासा.

१०. फवारणी आणि स्वच्छतेचे पर्याय

प्रौढ डासांवरची फवारणी म्हणजे एक-दोन दिवसांपुरता वाढलेला मृत्युदर. समीकरणे पावलापावलाने सोडवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे सॉल्व्हरला, वेळेची मोठी पावले टाकायची मुभा असेल, तर तो ही फवारणी चक्क ओलांडून जातो आणि तुम्हाला वाटते की तिचा उपयोगच नाही. कमाल पाऊल ०.२५ दिवस ठेवा किंवा फवारणीच्या तारखेला सॉल्व्हर थांबवून पुन्हा सुरू करा. अळ्यांच्या जागा नष्ट करण्याचा परिणाम आठवडा-दोन आठवडे उशिरा दिसतो, पण टिकतो. तो दाटीच्या मर्यादेत घाला, मृत्युदरात नव्हे, नाहीतर उरलेल्या अळ्यांना मोकळी जागा मिळून डास पूर्ववत होतात.

निकाल आरोग्य खात्याला देताना एकच तक्ता द्या. ओळींत पहिला रुग्ण आल्याची तारीख, १५ मे पासून १५ सप्टेंबरपर्यंत पंधरवड्यागणिक. रकान्यांत त्या रुग्णाच्या लक्षणांपासून फवारणीपर्यंत गेलेले दिवस: ७, १४, २८ आणि ‘फवारणी नाही’. प्रत्येक चौकटीत पाचपेक्षा जास्त स्थानिक रुग्ण होण्याची संभाव्यता, किमान हजार चालींतून काढलेली, आणि तिच्याखाली लहान अक्षरात पॅरामीटरच्या अनिश्चिततेमुळे येणारी कमाल-किमान मर्यादा.